आधी समोरच्याने

शाळा बांधली गेली नाही, तर सगळ्यात जास्त फायदा प्रश्नावलीचा होता.

हा हिशेब तिने कुणापुढे मांडला नव्हता, पण मनात तो पक्का होता. प्रश्नावली हे तिचं घरातलं टोपणनाव, सतत लोकांना प्रश्न विचारायच्या नोकरीवरून पडलेलं. संशोधन संस्थेतली तिची नोकरी दरवर्षी नव्याने मागून घ्यावी लागे. खोली जिन्याखालची, त्यात दोन टेबलं आणि वरून जाणाऱ्या प्रत्येक बुटाचा आवाज. विषय मात्र भारदस्त: अतिश्रीमंत माणसं दान का करतात, कसं करतात, आणि कबूल करूनही कधी करत नाहीत. अडचण एवढीच की ज्यांच्याकडे अमाप पैसा असतो त्यांच्याकडे वेळ नसतो. निदान त्यांचे सेक्रेटरी तरी तसं सांगतात. वर्षानुवर्षं दारं ठोठावून तिने ज्या मुलाखती जमवल्या होत्या, त्यातल्या दोहोंवर प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण उभं राहत होतं.

कर्णबधिर मुलांच्या एका शाळेला नवी इमारत हवी होती. नगरपालिकेने जागा दिली होती, पण वर्ष संपायच्या आत भिंती उभ्या राहिल्या नाहीत तर जागा परत जाणार होती. दोन देणगीदारांनी प्रत्येकी निम्मा खर्च उचलायचं कबूल केलं होतं, दोघांनीही नाव गुप्त ठेवून. आणि दोघांच्याही वकिलांनी शाळेला एकच अट कळवली होती: आणखी एका निनावी देणगीदाराकडून रक्कम आली, की आमचे अशील लगेच भरतील.

म्हणजे हा त्याची वाट बघत होता आणि तो ह्याची. जोतं बांधून झालं होतं, खांबांच्या सळया आभाळाकडे बोटं करून उभ्या होत्या, आणि पोरं मधल्या सुट्टीत तिथे लंगडी खेळत होती.

तिच्या मार्गदर्शक बाई हे ऐकून खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. “देणारे दोन, दोघांची द्यायची इच्छा, आणि तरी दान मरतं. असं उदाहरण माझ्या उभ्या आयुष्यात मला मिळालं नाही. हात लावू नकोस. वर्ष संपू दे आणि काय होतं ते लिही.” या प्रकरणामागे कायमची नोकरी होती आणि वरच्या मजल्यावरची खिडकीची खोली होती.

नियमाप्रमाणे प्रबंधात तिने देणगीदारांना खोटी नावं दिली होती, आणि माणसांची नावं सुचेनात म्हणून घरातल्या वस्तूंची. या दोघांना ती ‘कपाट’ आणि ‘आरसा’ म्हणत असे. मार्गदर्शक बाईंनाही त्यापलीकडचं काही माहीत नव्हतं.

कपाट म्हणजे तिचे सख्खे काका होते. आरसा म्हणजे तिची सख्खी आत्या.

दोघांनीही मुलाखत दिली ती तिच्याकडून सही घेऊन, की हे कुठेही बोलणार नाही. “विशेषतः घरात,” असं आत्याने वर बजावलं होतं. आत्या बोलता बोलता शाळेचं नाव बोलून गेली, तेव्हा प्रश्नावलीने टेबलाखाली स्वतःला चिमटा काढला होता. तेच नाव पंधरा दिवसांपूर्वी काकांच्या तोंडून ऐकून ती आली होती.

*

आता ही चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती, हेही सांगायला हवं.

बाटल्यांची झाकणं करून हे घर मोठं झालं. अण्णांनी, म्हणजे प्रश्नावलीच्या आजोबांनी, एका पत्र्याच्या शेडमध्ये पहिलं यंत्र बसवलं, आणि मरताना एवढं मागे ठेवलं की देशातली निम्मी तोंडं आमच्या हाताने बंद होतात, असं काका पाहुण्यांना सांगत. आपली तोंडं बंद ठेवायची सवय त्याच शेडमधून घरात आली असावी. अण्णांच्या कायद्याची तीन कलमं होती. देणाऱ्याचं नाव भिंतीवर लावायचं नाही. समोरच्याने किती दिलं हा आकडा विचारायचा नाही, ते हलकेपणाचं. आणि व्यवहार कुठलाही असो, आधी समोरच्याने हात सैल करायचा, मग आपण.

ही तीन कलमं एकेकटी शहाणपणाचीच होती. एकाच घरातल्या दोन लेकरांनी ती एकाच वेळी, एकमेकांच्या नकळत पाळली, की काय होतं ते शाळेच्या जोत्यावर दिसत होतं.

दोघांनी तीच शाळा का निवडली, हेही तिला मुलाखतींतून कळलं होतं. यंत्रांच्या दणदणाटात अण्णांचे कान गेले होते. शेवटी शेवटी त्यांच्याशी डाव्या बाजूने बोलावं लागे. “डाव्या बाजूने आणि मोठ्याने, आणि तरी ते फक्त हसायचे,” असं कपाट म्हणालं होतं. आरशाने जवळजवळ तेच शब्द वापरले होते. पण आत्याने आपले शेअर एका परक्या कंपनीला विकले त्याला सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून भाऊ-बहीण एकमेकांशी बोललेच नव्हते. बोलले असते तर शाळा कधीच उभी राहिली असती.

*

काका-काकूंच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता, आणि काकूने नवऱ्याला न विचारता नणंदेला बोलावलं. “अहो, पन्नास वर्षं तुमचं ऐकलं. एक रविवार माझं ऐका,” एवढंच ती म्हणाली. जेवायला घरचीच पाच माणसं होती.

काकांच्या घरी दोन मजल्यांसाठी लिफ्ट होती आणि सोळा माणसांचं टेबल. पाचजण त्याच्या एका टोकाला बसले की बाकीचं टेबल रिकाम्या स्टेशनसारखं दिसे. प्रश्नावलीच्या बाबांना ते टेबल आवडायचं नाही. बाबा तिघांत धाकटे. त्यांनी तरुणपणीच धंद्यातून अंग काढून घेतलं आणि घड्याळं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. भाऊ त्यांना घड्याळ्या म्हणत. त्यांच्या वाट्याला अण्णांच्या पैशातलं जे आलं होतं ते प्रश्नावलीच्या आईच्या आजारपणात गेलं, आणि त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत; तोंड बंद ठेवायची घरची सवय तेवढी त्यांनीही पाळली.

आत्या आली ती पाठीला लावायची स्वतःची उशी काखोटीला मारून.

“ये राणी,” काका दारातच म्हणाले. “उशीर केलास.”

“सहा वर्षं झाली दादा. अजून पाच मिनिटांनी काय बिघडलं?”

“सूप गार होतं.”

“तुझ्या घरचं सूप गरम कधी होतं?”

काकूने प्रश्नावलीकडे पाहून भुवया उंचावल्या. बरं चाललंय, असा त्याचा अर्थ होता.

सूप झालं, भाजलेले बटाटे झाले. टेबलावर अन्न असेपर्यंत आकडे बोलायचे नाहीत, अशी त्या घरची रीत होती, त्यामुळे तोवर सगळे सुरक्षित होते. गुडघे झाले, डोळ्यांतले मोतीबिंदू झाले, ड्रायव्हर कसे टिकत नाहीत तेही झालं. पुडिंग काकूने स्वतः केलं होतं. काकांनी पहिला चमचा घेतला, मान डोलावली, आणि काय मनात आलं कोण जाणे, भांडं उचलून आत्याच्या पुढे धरलं.

“घे. ही कडेची खरपूस बाजू तुला आवडायची.”

आत्याने वाढून घेतलं. मग उशी नीट करायच्या निमित्ताने बराच वेळ मागे वळून बसली.

बशा उचलल्या गेल्या, कॉफी आली. काकांनी तळहात टेबलावर टेकवले. “आता आकडे चालतील,” ते म्हणाले, आणि बाबांनी डोळे मिटून घेतले. शेअरचा विषय निघणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

पण काका वळले ते पुतणीकडे. “काय प्रश्नावली, तुझं ते संशोधन कुठवर आलं? माझे चांगले दोन तास...” ते थबकले. “माझ्यासारख्यांचे, म्हणजे. माझ्यासारख्या माणसांचे तास घेतेस म्हणे तू.”

“मी तर असल्या मुलाखतवाल्यांना दारातही उभं करत नाही,” आत्या कॉफीच्या कपात बघत म्हणाली.

“नाही ना? मीही नाही.”

प्रश्नावलीने घसा साफ केला. “श्रीमंत माणसं इमारत देतात काका. इमारतीतल्या दिव्याचं बिल देत नाहीत. भिंत दिसते, पगार दिसत नाही. आणि परक्याने मागितलं तर देत नाहीत, आपल्या बरोबरीच्याने मागितलं तर लगेच देतात.”

“ह्यात नवीन काय?” बाबा म्हणाले.

“नवीन काही नाही बाबा. आम्ही फक्त मोजून सांगतो.”

“आणि अटी घालणाऱ्यांचं काय?” काकांनी विचारलं.

तिच्या घशात कॉफी अडकली. ती खोकली, काकूने पाठीवर थापटलं, आणि तेवढ्यात काकांची गाडी सुटली सुद्धा.

“मला एक प्रकार माहीत आहे. नाव-गाव सांगणार नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. सज्जन माणूस. ते एका चांगल्या कामाला मोठी रक्कम द्यायला तयार आहेत. अट साधी, आणखी एक देणारा आहे त्याने आधी भरावं. आणि तो पठ्ठ्या उलट म्हणतो, आधी तुम्ही भरा. महिनेच्या महिने गेले. इतका चिवट, इतका कंजूष माणूस मी तरी पाहिला नाही.”

“दादा,” आत्याने कप खाली ठेवला. “अगदी हेच. माझी एक मैत्रीण आहे. तिच्या बाबतीत डिट्टो हेच झालंय.”

“काय सांगतेस?”

“तिचाही समोरचा तसलाच. नाव सांगत नाही, पैसे सोडत नाही, वर वकिलाकडून कळवतो की आमच्याकडे अशीच पद्धत आहे. पद्धत म्हणे! मैत्रीण मला म्हणाली, हा नक्की कुणीतरी नवश्रीमंत असणार.”

“नवश्रीमंतच. घरचं वळण नसलं की असं होतं.”

“वळण कुठून असणार? आईबापांनी काही शिकवलंच नसेल.”

“नसणारच,” काका कळवळून म्हणाले.

प्रश्नावली नॅपकीनमध्ये तोंड लपवून बसली होती. हसू येतंय की रडू, तिला कळत नव्हतं. सहा वर्षांनी भाऊ-बहीण एका बाजूला आले होते आणि समोर त्यांना शत्रूही झकास मिळाला होता. शत्रू कोण, हे टेबलावर फक्त तिला माहीत होतं, आणि तिचं तोंड सहीने बांधलेलं होतं. दोघांपैकी कुणालाच संशय कसा येत नाही, याचं तिला आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं, की प्रत्येकाचे दोन्ही हात स्वतःच्याच झाकणावर दाबलेले आहेत. समोरच्याच्या बाटलीकडे बघायला मोकळं कोण आहे?

बाबा इतका वेळ साखरेचा खडा ढवळत होते. “दादा, तुझ्या त्या गृहस्थांनी समोरच्याचा आकडा विचारला का रे?”

“छे. अण्णांनी शिकवलंय की... म्हणजे त्यांनाही कुणीतरी शिकवलं असेलच. दुसऱ्याचा आकडा विचारायचा नसतो.”

“आणि ताई, तुझ्या मैत्रिणीने?”

“ती तसली नाही.”

“मग अटीत रक्कम किती ते लिहिलेलंच नाही.”

“नाही.”

“म्हणजे समोरच्याने कॉफीपुरते पैसे भरले, तरी अट पुरी झाली.”

काकांनी भावाकडे असं पाहिलं, की जणू त्याने पुडिंगमध्ये स्क्रू टाकलाय. “घड्याळ्या, इतका हलका माणूस जगात नसतो.”

“पण समजा असला.”

“समजा असला, तर माझे गृहस्थ भरतील. त्याच दिवशी भरतील. शब्द दिला तो दिला. पळवाटा काढणाऱ्यांतले नाहीत ते.”

“माझी मैत्रीणही भरेल,” आत्या म्हणाली, “आणि वर त्या कॉफीवाल्याला हसेल.”

“तुझी मैत्रीण शहाणी दिसते.”

“तुझे गृहस्थही बरे वाटतात. एकदा गाठ घालून दे.”

“अवश्य,” काका म्हणाले, आणि स्वतः उठून बहिणीच्या कपात कॉफी ओतायला गेले.

*

स्वयंपाकघरात काकू काचेचे ग्लास पुसत होती. कामाला दोघी बाया होत्या, पण ग्लास ती कुणाच्या हातात देत नसे.

“गृहस्थ म्हणे,” ती ग्लास उजेडात धरून म्हणाली. “पन्नास वर्षांत ह्यांना एक मित्र नाही ज्याला हे सज्जन म्हणतील. आणि तुझ्या आत्याला मैत्रीण? शाळेत असल्यापासून नाही.”

“काकू, मी काही बोलू शकत नाही.”

“मी विचारलं कुठे? मीच बोलतेय. तुला कॉफीचा ठसका लागला तेव्हाच मला कळलं. ह्यांच्या वकिलाची पत्रं माझ्या नजरेतून सुटत नाहीत. दोघांची शाळा एकच ना? त्या कान नसलेल्या पोरांची?”

प्रश्नावलीने ओला ग्लास उचलून पुसायला घेतला.

“हो म्हणू नकोस. नाही म्हणाली नाहीस, तेवढं मला पुरे.” काकूने आवाज खाली आणला. “मी भरले असते गं कॉफीचे पैसे. पण माझ्या खात्यातून पै हलली तरी हिशेबनीस संध्याकाळी ह्यांच्या कानावर घालतो. आणि हे काही इतके भोळे नाहीत.”

“त्यांना सरळ सांगून टाकलं तर?”

“आणि आजचं हे घालवायचं? आत्ता कुठे एकमेकांना पुडिंग वाढलंय. तो कंजूष नवश्रीमंत आपलाच भाऊ आहे असं कळलं, तर तुझी आत्या पुडिंग परत करेल. आणि हे मोजून घेतील.” तिने पुतणीकडे नीट पाहिलं. “तुझं तोंड का उतरलंय? तुला काय मिळायचंय ह्यात?”

मग प्रश्नावलीने सांगितलं. नावं न घेता, वळसे घालून, पण सांगितलं. की संशोधकाने ज्याच्याकडे बघायचं त्यात हात घालायचा नसतो. घातला तर ते उदाहरण प्रबंधातून काढावं लागतं. ते काढलं तर प्रकरण जातं, प्रकरण गेलं तर कायमची नोकरी निदान वर्षभर लांबते. आणि शाळा बुडाली तर सगळं मिळतं. “वर्षभर मी मनातल्या मनात वाट बघतेय काकू, की वर्ष संपावं. तिथे पोरं लंगडी खेळतात ती मी पाहून आलेय, आणि तरी वाट बघतेय.”

काकूने पुसलेला ग्लास खाली ठेवला. “कायमच्या नोकरीत काय वेगळं असतं?”

“खिडकीची खोली मिळते.”

“खिडकीतून काय दिसतं?”

प्रश्नावलीने आठवून पाहिलं. “सायकल स्टँड.”

“मग,” काकू म्हणाली आणि पुढचा ग्लास उचलला.

*

सोमवारी ती आधी संस्थेत गेली, कारण क्रम महत्त्वाचा होता. मार्गदर्शक बाईंना तिने सांगितलं, की कपाट आणि आरसा प्रबंधातून काढायचे आहेत.

“का?”

“मी हात घालणार आहे.”

बाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या तेव्हा नेहमीच चष्मा काढत, म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसत नसे आणि बोलणं सोपं जाई. “तुला कळतंय ना, तू काय सोडतेयस? वर्षभर बघत राहिलीस तर ते ज्ञान आहे. आज हात घातलास तर ती नुसती मदत आहे.”

“हो बाई. मदतच आहे.”

“नेमणुकीचं मग पुढच्या वर्षी बघू.”

“बघू.”

जिन्याखालच्या खोलीत येऊन तिने दोन्ही मुलाखती बाजूला काढल्या. प्रकरण मधूनच खचल्यासारखं झालं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं, आणि त्याचंच थोडं वाईट वाटलं.

शाळेच्या मुख्याध्यापिका वर्गात होत्या. बोलताना त्यांचा चेहरा कधी भिंतीकडे वळत नसे. वीस वर्षं ओठ वाचणाऱ्या मुलांपुढे उभं राहिल्याची ती सवय होती. प्रश्नावलीने पर्स उघडली. भरून द्यायला काही मोठी रक्कम आणावी, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं, पण मग ते बाबांच्या बोलण्याशी जुळलं नसतं. सकाळच्या एका कॉफीचे आणि बिस्किटाचे पैसे तिने टेबलावर ठेवले.

“इमारतीसाठी. नाव नको.”

मुख्याध्यापिकांनी नाण्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. बाईंना दोन्ही अटी तोंडपाठ होत्या. इतके महिने त्या अटींनीच त्यांची झोप खाल्ली होती. चेहऱ्यावर काही न दाखवता त्यांनी पावती केली, शिक्का मारला आणि शिक्क्यावर हळूच फुंकर घातली.

“वकिलांना कळवावं लागेल,” त्या प्रत्येक शब्द नीट उच्चारत म्हणाल्या. “की आणखी एका निनावी देणगीदाराकडून रक्कम आली.”

“त्यांनी किती असं विचारलं तर?”

“ते विचारत नाहीत. दोघांच्याही अशिलांना ते हलकेपणाचं वाटतं.”

खिडकीबाहेर जोत्यावर दोन पोरी हातवारे करून कडाक्याचं भांडत होत्या. एकीने दुसरीचे हात धरून ठेवले, म्हणजे तिला उलट बोलता येऊ नये. प्रश्नावली तिथेच उभी राहून हसली.

*

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. “तुला म्हणून सांगतो. माझ्या त्या गृहस्थांचं काम झालं. समोरचा नमला बरं का. शेवटी अण्णांचीच पद्धत खरी.”

तासाभराने आत्याचा आला. “कुणाला बोलू नकोस. मैत्रीण जिंकली. तो अडून बसलेला शेवटी सरळ आला. मी दादालाही सांगितलं, तो म्हणाला त्याच्याही गृहस्थांचं झालं. काय योगायोग बघ.”

“खरंच गं आत्या.”

“तुझ्या संशोधनात घाल.”

“नाही घालता येणार,” ती म्हणाली, आणि तेवढं खरं होतं.

वर्ष सरायच्या आत भिंती उभ्या राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात शाळा नव्या इमारतीत गेली, त्या दिवशी सगळं घर तिथे हजर होतं, आणि त्यासाठी कुणालाही खोटं कारण शोधावं लागलं नाही. कारण बाबांचं होतं. शाळेने त्यांच्याकडून मोठं घड्याळ करून घेतलं होतं. तास संपला की ते वाजत नसे. सगळ्या वर्गांतले दिवे एकदम लुकलुकत. इमारतच नसल्यामुळे ते घड्याळ वर्षभर प्रश्नावलीच्या घरी बाबांच्या टेबलावर पडून होतं आणि दर तासाला स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकवत होतं. बाबांनी शाळेला त्याचं बिल लावलं, पुरेपूर. दान वेगळं आणि दुकान वेगळं, असं त्यांचं म्हणणं होतं.

भिंतीवर देणगीदाराची पाटी नव्हती. काका आणि आत्या पाहुण्यांच्या रांगेत शेजारी शेजारी बसले होते, मध्ये आत्याची उशी. दिवे लुकलुकले, पोरं वर्गांतून धबधब्यासारखी बाहेर आली, तसे दोघेही एकाच वेळी थोडे ताठ बसले. मग आत्या भावाच्या डाव्या बाजूला झुकून मोठ्याने काहीतरी म्हणाली, आणि काका फक्त हसले. प्रश्नावलीच्या शेजारी काकू रुमालाने चष्मा पुसत होती, ग्लास पुसायची तसाच, उजेडात धरून.

रात्री घरी दोघांचं जेवण झालं, ताटं उचलली गेली. बाबांनी खिशातून थोडी नाणी काढून तिच्यापुढे ठेवली.

“हे काय?”

“अर्धे.”

“कशाचे?”

“कॉफी आणि बिस्किटाचे. मुख्याध्यापिका बाई घड्याळ लावताना जरा जास्त बोलल्या. नाव नाही घेतलं त्यांनी, पण एवढ्याशा रकमेची देणगी देणारं दुसरं घर नाही.”

“तुम्हाला सगळं माहीत होतं बाबा? त्या दिवशी, टेबलावर?”

“शाळा माहीत होती. दोघं अडून बसलेत हे बाईंनी सांगितलं होतं. अटी ऐकल्या तेव्हाच वाटलं, ही अक्षरं आपल्याच घरातली.” त्यांनी बशीतली बडीशेप सारखी केली. “पण माझा नुसता अंदाज होता, आणि तुझी नोकरी होती. मी कसं सांगणार, भर म्हणून?”

“मग तुम्हीच का नाही भरलेत?”

बाबांनी तिच्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. “आपल्या घरात आधी समोरच्याने भरायचं असतं,” ते म्हणाले. “मी वाट बघत होतो.”

तिने नाणी मोजली नाहीत, ते हलकेपणाचं दिसलं असतं. पण हिशेब असा झाला: निम्मी इमारत काकांनी भरली आणि निम्मी आत्याने, आणि समोरचा हरला याचा आनंद दोघांनाही पुरा मिळाला. काकूने पन्नास वर्षांत एक रविवार मागून घेतला होता, तो वसूल झाला. प्रश्नावलीचं एक प्रकरण गेलं आणि सायकल स्टँड एक वर्ष लांबला. आणि सगळ्यात आधी जी रक्कम भरावी लागली, त्यातली कॉफी तिच्या नावावर राहिली. बिस्किटाचे पैसे बाबांनी दिले.